डबल बेसच्या ताती

तात म्हणजे मेंढीच्या किंवा बकरीच्या आतड्यापासून वळलेली तार. पिंजाऱ्याच्या धनुकलीला आणि सारंगीच्या तीन मुख्य तारांना ती लागते. टाके घालण्याच्या ‘कॅटगट’ दोऱ्याचीही जात हीच, मांजराचा मात्र तिच्याशी संबंध नाही. डबल बेस (अपराइट बेस) या पाश्चात्त्य गजवाद्यावर 1950 च्या दशकापर्यंत तातीच सर्रास असत. पुढच्या दहा-वीस वर्षांत पोलादी तारांनी त्यांची जागा घेतली. आज तात लावतात ते जुन्या पद्धतीचे जॅझ वाजवणारे, रॉकबिलीवाले (रॉकबिली म्हणजे कंट्री आणि रॉक अँड रोलचे मिश्रण) आणि बरोक संगीत (17-18 व्या शतकातले युरोपीय) त्या काळच्या साधनांनी सादर करणारे वादक.

आतडे स्वच्छ करून, चरबी व आतला थर खरवडून, त्याच्या लांब पट्ट्या काढतात. क्षारात भिजवलेल्या अनेक पट्ट्या ओल्या असतानाच एकत्र पिळतात, ताणून वाळवतात आणि घासून एकसारख्या जाडीच्या करतात. इटलीतील आब्रुत्सो भागातले साल्ले हे गाव या धंद्याबद्दल प्रसिद्ध होते. आज तारांसाठी जगभर माहीत असलेले दादारिओ घराणे तिथलेच.

तातीची निवड हा मुळात जाडीचा हिशेब आहे. डबल बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा, ‘सा’ ते ‘म’ एवढ्या अंतराने लावतात. मोकळ्या ई ची कंपने सेकंदाला सुमारे 41, जी ची 98. घोडीपासून नटापर्यंत (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तारेची लांबी साधारण 105 सेंमी. लांबी आणि ताण कायम ठेवले तर स्वर जितका खाली, तितकी तार जाड हवी. जी साठी 2.2 मिमीची तात घेतली तर तिच्यावर सुमारे 21 किलोंचा ताण येतो. तोच ताण इतर तारांवर हवा असेल तर डी 2.9 मिमी, ए 3.9 मिमी आणि ई तब्बल 5.2 मिमी होते. इतकी जाड तात म्हणजे दोरखंडच. ती नीट वाकत नाही, गजाला उशिरा प्रतिसाद देते आणि स्वर बोथट येतो.

यावरचा तोडगा म्हणजे तातीवर धातूची बारीक तार गुंडाळणे. जाडी फारशी न वाढता वजन वाढते. अशा तारांची जाहिरात लंडनचे संगीत प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी 1664 मध्ये केलेली आढळते. तरीही खालच्या तारेची अडचण बरीच वर्षे राहिली. 19 व्या शतकात इटली आणि इंग्लंडमध्ये सर्वांत खालची तार गाळलेला, तीनच तारांचा बेस चालत असे, आणि ड्रॅगोनेटी व बोत्तेसिनी हे त्या काळचे दोन सर्वांत नावाजलेले बेसवादक तोच वाजवत.

आजही नेहमीचा संच याच हिशेबाने बनतो : जी आणि डी नुसत्या तातीच्या, ए आणि ई गुंडाळलेल्या. ओफेनबाखच्या पिरास्ट्रो या 1798 पासूनच्या जर्मन कंपनीचा ‘कोर्डा’ संच असाच आहे. तिच्याच ‘युडोक्सा’ आणि ‘ऑलिव्ह’ संचांत गाभा तातीचा, पण वर धातूचे वेष्टन असते. गजाने वाजवणाऱ्याला ही वेष्टनाची जात सोयीची, कारण बोटाखाली आणि गजाखाली ती गुळगुळीत लागते. बोटांनी छेडणाऱ्याला नुसती तात अधिक रुचते. दोन्ही हवे असेल तर मिश्र संच लावण्यात कमीपणा नाही. चार्ली हेडन (1937–2014) हे थोर जॅझ बेसवादक वरच्या दोन तारा तातीच्या आणि खालच्या दोन पोलादी ठेवत. पहिल्यांदा तात घेणाऱ्यालाही हीच वाट बरी, कारण तातीचे खरे सुख वरच्या दोन तारांवर मिळते आणि खरा त्रास खालच्या दोनांवर.

तातीचा स्वर ठणकन उमटतो आणि लवकर विरतो. पोलादाचा लांबत जाणारा, गुरगुरणारा नाद तिच्यात नाही. आहे तो लाकडी ठोका. ध्वनिवर्धकाविना नाचाच्या दिवाणखान्यात ऐकू जाण्यासाठी हा ठोका कामाचा होता. तार ओढून सोडली की ती फिंगरबोर्डवर फटकन आपटते, त्या ‘स्लॅप’ पद्धतीलाही तो पोषक. मिल्ट हिंटन यांनी ती जॅझमध्ये गाजवली आणि 1954 मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे बिल ब्लॅक तेच करत होते. पोलादावर असे तासभर केले तर बोटे सोलून निघतात.

जाडी निवडताना लहान फरकही मोजावा. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 2.2 ऐवजी 2.3 मिमीची जी घेतली की जवळजवळ दोन किलोंची भर पडते. हलके पोट (वरची फळी) असलेल्या जुन्या वाद्याला पातळ तात मोकळे करते. स्लॅपवाल्यांनाही ढिली तार हाताशी लागते. जोरकस छेडणाऱ्याने मात्र जाड घ्यावी, नाहीतर तार फिंगरबोर्डवर खडखडते. तातीचा झोका पोलादापेक्षा मोठा असतो, त्यामुळे घोडी थोडी उंच ठेवावी लागते. एकसारखेपणाची जुनी परीक्षा ल्यूट (जुने युरोपीय तंतुवाद्य) वाजवणारे 16 व्या शतकापासून करत आले आहेत : तात दोन हातांत ताणून छेडावी, दोन स्वच्छ रेषा दिसल्या तर ठीक, रेषांचे जाळे दिसले तर परत करावी.

खरेदीपेक्षा बसवण्यात चुका जास्त होतात. पोलादासाठी कोरलेल्या नटाच्या आणि घोडीच्या खाचांत जाड तात अडकते आणि तुटते. खाचा गोल कानशीने रुंदावून पेन्सिलीचे शिसे चोळतात. पुन्हा पोलादाकडे यायचा विचार असेल तर जुना नट जपून ठेवून नवा बसवावा, कारण रुंद खाचेत बारीक तार खुळखुळते. तारा एकेक करूनच बदलाव्यात. सगळ्या एकदम सोडल्या तर वाद्याच्या पोकळीतली, तारांच्या दाबाने टिकून असलेली उभी काठी निसटून पडण्याची भीती असते.

हवेची आर्द्रता बदलली की तात फुगते किंवा आक्रसते आणि सूर सरकतो. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात तात लावणाऱ्याने एका कार्यक्रमात अनेकदा सूर जुळवण्याची तयारी ठेवावी. वापराने तातीवर केसासारखे तंतू निघतात. ते ओढू नयेत, नखे कापायच्या कटरने मुळाशी छाटावेत आणि अधूनमधून अक्रोडाच्या किंवा जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. चुंबकीय पिकअप (तारेची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे साधन) तातीवर चालत नाही, घोडीची कंपने टिपणारा पिझो पिकअप चालतो.

किमतीचे ओझे नको असणाऱ्यांसाठी कृत्रिम धाग्यांच्या तारा निघाल्या आहेत. इटलीतील अक्विला कंपनीचे ‘नायलगट’ त्यांपैकी एक. रॉकबिलीवाल्यांनी तर त्याहून स्वस्त मार्ग शोधला : गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची जाड दोरी थेट वाद्यावर चढवायची. स्लॅपला ती झकास चालते. गज लावून मात्र तिच्यातून फारसे काही निघत नाही.