शेतीचा हिस्सा म्हणजे घरपोच भाजी नव्हे

‘आगाऊ पैसे भरा, दर आठवड्याला स्वस्त भाजी घ्या’ असा समुदाय-आधारित शेतीबद्दल सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. इथे सभासद भाजी विकत घेत नाही, हंगामातल्या पिकाचा हिस्सा घेतो.

हिस्स्याची रक्कम बाजारभावावरून ठरत नाही. बियाणे, मजुरी, इंधन, अवजारांची झीज आणि शेतकऱ्याचा स्वतःचा मेहनताना यांची बेरीज करून तिला हिस्स्यांच्या संख्येने भागतात. मेहनताना धरायचा राहिला (आणि नेमका तोच राहतो), तर दोन-तीन हंगामांत योजना बंद पडते.

पेरणीपूर्वी पैसे हाती आल्याने कर्ज टळते. त्या बदल्यात जोखीम वाटली जाते: गारपिटीने टोमॅटो गेले तर सभासदाच्या आठवड्याच्या टोपलीत टोमॅटो नसतात आणि परतावाही नसतो. ही अट लेखी नसेल, तर वाद ठरलेलाच.

खरी कसोटी पेरणीची. ४० हिस्से, २० आठवडे म्हणजे ८०० टोपल्या. मुळा एकदाच पेरला तर एका आठवड्यात ढीग लागतो, पुढे काहीच नाही. म्हणून दर १०-१५ दिवसांनी थोडा थोडा पेरावा लागतो. पहिल्या वर्षी क्षमतेपेक्षा कमीच हिस्से विकावेत.

ही कल्पना अमेरिकेत जन्मली, हेही अर्धसत्य. तिथली अशी पहिली दोन शेते १९८६ची, पण जपानमध्ये ‘तेइकेई’ (शेतकरी आणि ग्राहक यांची थेट भागीदारी) १९७०च्या दशकातच रुजली होती.