मोट

मोट : विहिरीतून पाणी उपसण्याचे बैलांनी चालवायचे साधन. चामड्याची (पुढेपुढे लोखंडी पत्र्याचीही) पिशवी, काठावरचे लाकडी चाक, नाडा (मोट ओढण्याचा जाड दोर) आणि विहिरीपासून उतरत जाणारी धाव (बैलांची वाट) हे तिचे मुख्य भाग. साध्या यंत्रांपैकी कप्पी व उतरण यांचा तिच्यात संयोग झालेला आहे.

प्राचीनत्व : ऋग्वेदात (१०.१०१) विहीर, वरत्रा म्हणजे चामडी वाद्या आणि ‘अश्मचक्र’ यांचे उल्लेख एकत्र येतात. त्यावरून वेदकाळी कप्पीने पाणी काढत, असे काही अभ्यासक मानतात. परंतु हे सूक्त यज्ञकर्माविषयी रूपकांतून बोलते. दगडी चाक म्हणजे सोम कुटण्याचे दगडही असू शकतील. एवढ्या आधारावर बैलांची मोट वेदकाळापर्यंत नेणे धाडसाचे होईल. कौटिलीय अर्थशास्त्रात (२.२४) हाताने काढलेल्या पाण्यावर पिकाचा पाचवा, खांद्याने काढलेल्यावर चौथा, तर स्रोतोयंत्राने (पाणी वाहते करणाऱ्या यंत्राने) काढलेल्यावर तिसरा हिस्सा राजाला द्यावा असे सांगितले आहे. हा खांदा माणसाचा की बैलाचा, यावर एकमत नाही. बैलाचा मानल्यास हा मोटेचा जुना पुरावा ठरतो, पण त्या ग्रंथाचा काळही इ. स. पू. चौथे ते इ. स. तिसरे शतक असा दूरवर पसरलेला आहे. निःसंदिग्ध वर्णन बाबराच्या आत्मवृत्तात (सोळावे शतक) सापडते. आग्रा व बयाना भागात बैल दोर ओढतो आणि दुसरा माणूस पिशवी रिकामी करतो, असे सांगून त्याने ही रीत कष्टाची व घाणेरडी ठरवली आहे. आपोआप रिती होणारी सोंडेची (पिशवीच्या तळाशी चामडी नळी असलेली) मोट त्याने पाहिलेली दिसत नाही. दातेरी चाकांचा रहाट तेराव्या शतकाच्या सुमारास बाहेरून आला, हे इतिहासकार इर्फान हबीब यांचे मत मोटेला लागू करू नये; मोटेत दाते नसतात.

यंत्रशास्त्र : काठावरचे चाक ही स्थिर कप्पी होय. तिने बलाची दिशा बदलते, बल कमी होत नाही. घर्षण मात्र चाकाच्या मापावर ठरते : चाक मोठे आणि कणा (चाकाचा आस) बारीक, तितका विरोध कमी. कण्याला फार बारीक करून मात्र चालत नाही. १५० किग्रॅ. भरलेली मोट तोलताना नाड्याच्या दोन्ही बाजूंत ८०° कोन असल्यास कण्यावर सुमारे २३० किग्रॅ. भार येतो.

खरे काम धावेचे. बैलजोडीचे वजन ७०० किग्रॅ. आणि धावेचा उतार १०° धरला, तर वजनाचा उताराच्या दिशेतील घटक सुमारे १२० किग्रॅ. होतो, म्हणजे त्याच मोटेसाठी बैलांनी जोराने ओढायचे ते ३० किग्रॅ. आणि वर घर्षण. परतताना तेच वजन पुन्हा चढवावे लागते. एकूण श्रम वाचत नाहीत, ते दोन फेऱ्यांत वाटले जातात. उतरणीचा नियम सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये मांडला. यंत्रे श्रम निर्माण करीत नाहीत हे गॅलिलीओने १६०० च्या सुमारास दाखवले.

सोंडेच्या मोटेत सोंदूर नावाचा दुसरा दोर खालच्या रुळावरून जातो. वर येईपर्यंत तो सोंड दुमडून तोंडाच्या पातळीत धरतो, काठाशी ती थारोळ्यात (पाणी झेलणाऱ्या कुंडात) ओढतो आणि पाणी पाटाला लागते. रिती करायला दुसरा माणूस लागत नाही. बैल मागच्या पावली धाव चढतात.

नागपूर परिसर : जिल्ह्याच्या पश्चिमेस काटोल, नरखेड, कळमेश्वर हा काळ्या दगडाचा, विहिरींचा आणि संत्र्याचा टापू. तेथील बागाईत मोटेला अनुकूल होते. संत्र्याची कलमे रघूजी भोसल्यांनी औरंगाबादहून आणली, असे मानले जाते. पूर्वेस रामटेक, मौद्याकडे धान पिकते व पाणी मुख्यतः तलावांचे, त्यामुळे तिकडे मोटेचे महत्त्व कमी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी तेलाच्या इंजिनांनी व मग विजेच्या पंपांनी मोट मागे पाडली.