वस्तादांचा लगाम

रंकाळ्यावर फेरी मारून झाली की कठड्यावर निवांत बसा आणि मनगटावर दोन बोटं ठेवा. श्वास आत घेताना नाडी जरा घाई करते, सोडताना रेंगाळते. हृदयाचा ठोका घड्याळासारखा पडतो असं आपल्याला वाटतं, पण निरोगी हृदयाची लय थोडी हलतीच असते.

ती हलवतो व्हेगस हा मज्जातंतू. हृदयातली ठोके देणारी गाठ एकटी सोडली तर मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. बसल्या जागी ते ७०च्या आसपास राहतात, कारण व्हेगसनं लगाम ओढून धरलेला असतो. टाच मारून ठोके वाढवायचं काम अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जातंतूंचं.

आमच्या गल्लीतल्या वस्तादांच्या जोर-बैठका वीस वर्षांपूर्वी थांबल्या. खुराक काही थांबला नाही. आता पोट लेंग्याच्या नाडीवरून ओसंडतंय. ‘चरबी काय, पडून असते,’ असं त्यांचं म्हणणं. पण ती पडून नसते, बोलत असते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि ते मेंदूला सांगतं, ‘साठा भरलाय, आता पुरे.’ लठ्ठपणात भूक हा निरोप ऐकेनाशी होते. टाच मारणारे तंतू मात्र तो ऐकतच राहतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. चढलेलं इन्शुलिनही त्यांनाच चिथावतं. त्यात झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर रात्रभर टाचा सुरूच! मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, रक्तदाब चढतो आणि श्वासाबरोबरचं नाडीचं ते हेलकावणं आक्रसत जातं.

चरबी हृदयाच्या अंगावरही असते, आणि हृदयाच्या मज्जातंतूंचे काही गुच्छ तिच्यातच रुतलेले असतात. हा थर वाढलेल्यांत कर्णिकांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, लय बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

दमल्यावर थांबलं की पहिल्या मिनिटात नाडी उतरते, ती मुख्यतः व्हेगस परत लगाम धरतो म्हणून. ट्रेडमिलच्या तपासणीत ही उतरण १२ ठोके किंवा त्याहून कमी भरली तर डॉक्टर कान टवकारतात. वस्तादांची ९ भरली. वजन उतरलं आणि चालणं टिकलं तर लगाम बऱ्याच अंशी परत हाती येतो, हे ऐकून ते रोज पहाटे रंकाळ्याला यायला लागलेत. येताना मिसळीचं दुकान लागतं, एवढीच काय ती अडचण.