पार्श्वभूमी : क्लोझापिनची रक्ततपासणी आणि नजरेआड राहिलेले शरीर

मनोविकृतीच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या, रुग्णांची औषधे वारंवार का सुटतात, याचे उत्तर दीर्घकाळ रुग्णाच्या मनातच शोधले गेले. आपण आजारी आहोत हे त्याला पटत नाही, असे म्हणून विषय मिटवला जाई. 1952 मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांसाठी वापरात आले आणि 1960 च्या दशकात काही आठवडे परिणाम टिकणारी इंजेक्शनेही आली. या औषधांमुळे येणारा अंगाचा ताठरपणा, कंप आणि एका जागी बसू न देणारी अस्वस्थता यांपायी रुग्ण औषध टाळत असेल, या शक्यतेला मात्र फारसे वजन मिळाले नाही.

क्लोझापिन या मनोविकृतीवरील औषधाने हा ताठरपणा जवळजवळ येत नसे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात वापरात आले. पण 1975 मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या रक्तातील, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटून त्यांतले काही जंतुसंसर्गाने दगावले आणि अनेक ठिकाणी औषध मागे घेतले गेले. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरील चाचणीत क्लोझापिनने 30 टक्के, तर क्लोरप्रोमाझिनने 4 टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती रक्ततपासणीच्या सक्तीसह.

वाद आहे तो या सक्तीबद्दल. तिच्यावाचून औषध परत आलेच नसते, हे मान्य करावे लागते. मात्र पेशी घटण्याचा धोका पहिल्या अठरा आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि नंतर झपाट्याने उतरतो, तरी तपासणी वर्षानुवर्षे चालू राहिली. अहवाल वेळेवर आला नाही की औषध थांबे. आणि 48 तासांहून अधिक खंड पडला, तर पूर्वीचा डोस एकदम देता येत नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावे लागते. मधल्या काळात आजार उसळण्याची भीती असतेच. सुरक्षेसाठी केलेला नियमच काही वेळा औषध तोडतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या बाजूची चर्चा फारच कमी झाली. त्याच सुईने साखर आणि चरबीही तपासता आली असती. सक्ती होती ती केवळ पेशींची. क्लोझापिनमुळे होणारी तीव्र बद्धकोष्ठता आतडी निकामी करून जीव घेऊ शकते, तरीही शौचाची चौकशी नियमात नव्हती.

1990 च्या दशकातील ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन आणि मधुमेह हे प्रश्न सर्वत्र नेले. 2004 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी मोजण्याचे वेळापत्रक सुचवले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 74 टक्के रुग्णांनी अठरा महिन्यांच्या आत नेमून दिलेले औषध सोडले किंवा बदलले. ओलान्झापिन सर्वांत जास्त काळ टिकले, पण वजन वाढल्याने ते सोडणारेही त्याच गटात अधिक होते. तंबाखूचा धूर क्लोझापिनचे विघटन वेगाने घडवतो, म्हणून धूम्रपान सोडणाऱ्याचा डोस कमी केला नाही, तर रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढते. म्हणजे आरोग्यासाठी उचललेले पाऊलही औषधाशी जुळवून घ्यावे लागते.

2025 मध्ये अमेरिकी नियामकाने पेशींच्या अहवालाशी औषध बांधणारा कार्यक्रम रद्द केला. तपासणीची शिफारस कायम आहे. पण सक्तीमुळे रुग्ण ठरावीक मुदतीने समोर येत असे आणि त्या भेटीत वजन, साखर पाहण्याची जी संधी मिळे, तिची पर्यायी व्यवस्था या निर्णयासोबत आलेली नाही.