पार्श्वभूमी: काट्यावरचा आकडा आणि कायद्याला चालणारी चूक

कोकणात बराचसा माल फार काळ तोलला जात नव्हता, मोजला जात होता. भात पायलीने आणि खंडीने, नारळ शेकड्याने, आंबा डझनावर, मासळी वाट्याने. तागडी असे ती वाण्याकडे आणि सोनाराकडे. 1956च्या कायद्याने दशमान पद्धत आणली आणि 1958 ते 1962 या काळात 80 तोळ्यांचा शेर जाऊन किलो आला. दोघांत फरक जेमतेम 67 ग्रॅमांचा.

तागडीतली लबाडी निदान दिसायची. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, दांडीला बोटाचा धक्का, न लावलेला पासंग. 1990नंतर हळूहळू इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि भांडणे आकड्यावर येऊन थांबली. पण आकड्यामागचा लोडसेल, म्हणजे काट्यातला भार ओळखणारा धातूचा भाग, तागडीसारखी वस्तुमानाची तुलना करत नाही, भाराने धातू किती वाकला ते मोजतो. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचाही फरक पडतो: दिल्लीत जुळवलेला काटा रत्नागिरीत तसाच लावला, तर 10 किलोमागे सुमारे 7 ग्रॅम कमी दाखवेल. त्यात इथली खारी हवा, पावसाळ्यातली दमट जोडणी, आणि ओट्यावर वाकडातिकडा ठेवलेला काटा. काट्यातला पातळीचा बुडबुडा मधोमध आहे का, हे क्वचितच कोणी बघतो.

1 एप्रिल 2011 पासून लागू झालेल्या वैधमापन कायद्याखाली असा काटा दर 12 महिन्यांनी पडताळून त्यावर मुद्रा, म्हणजे सरकारी शिक्का, घ्यावी लागते. साध्या वजनांना मात्र 24 महिने मिळतात. यावर व्यापाऱ्यांची कुरकुर जुनीच आहे. किनाऱ्यावरचा काटा वर्षभर नीट राहील, हे गृहीतकच मला धाडसाचे वाटते.

खरा वाद चुकीच्या मर्यादेचा आहे. बाजारातला नेहमीचा 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या भागाचा, म्हणजे आकडा 5-5 ग्रॅमने सरकणारा, काटा घ्या. पडताळणीच्या वेळी त्याला अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, 10 किलोपर्यंत 5 ग्रॅम आणि त्यापुढे साडेसात ग्रॅम इतकी चूक चालते, कमी किंवा जास्त. दुकानात वापरात असताना अचानक तपासला, तर हीच मर्यादा दुप्पट होते. गिऱ्हाइकाला ही दुप्पट म्हणजे दुकानदाराला दिलेली सवलत वाटते. निरीक्षकाच्या बाजूने बघितले तर वापराने काटा थोडा सरकणारच, आणि प्रत्येक ग्रॅमला खटला भरता येत नाही. एक किलो पापलेट 1,200 रुपयांनी घेतले, तर 5 ग्रॅमची चूक 6 रुपयांची होते. माझ्या मते यात लुबाडणूक शोधण्यात अर्थ नाही. त्याच पारड्यात टबाचे वजन वजा न करता, बर्फाच्या पाण्यासकट मासळी ठेवली, तर याच्या कितीतरी पट नुकसान होते.

आणखी एक तरतूद कोणाच्या लक्षात येत नाही. अशा काट्यावर तोलायचे किमान वजन भागाच्या 20 पट, म्हणजे 100 ग्रॅम. त्यावर 50 ग्रॅम मिरी किंवा जायपत्री तोलणे नियमाच्या बाहेर जाते, कारण अडीच ग्रॅमची चूक तिथे 5 टक्के होते. मसाल्याला लहान काटा हवा. पर्यटकांना पुडीत मसाले विकणाऱ्या दुकानांत तो असायलाच हवा.

हर्णैसारख्या बंदरांत लिलाव टोपली आणि ढीग बघूनच होत आला आहे, काटा पुढे किरकोळ बाजारात येतो. तिथे हल्ली हुकाला लटकवायचा स्वस्त डिजिटल काटा सर्रास दिसतो. मॉडेलला मान्यता नसेल तर त्याची पडताळणी होत नाही, मग मुद्राही मिळत नाही. तो दहा ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवत असला तरी व्यवहारासाठी तो बेकायदाच ठरतो.