ग्लोव्हज घालूनही हात का भाजतात?

आमच्या ग्रिल-ओव्हन डिग्रीझरबद्दल (चिकट चरबी काढायच्या द्रावाबद्दल) नेहमीची तक्रार एकच: ‘ग्लोव्हज घालूनही पोरांचे हात भाजले, माल जरा सौम्य द्या.’ सौम्य देता येईल, पण मग जळून काळी झालेली चरबी सुटणार नाही. ती सोडवतो त्यातला कॉस्टिक सोडा, आणि भांड्यावरची चरबी कुठली, कातडी कुठली हे त्याला कळत नाही.

गडबड होते ती ग्लोव्हच्या आत. हूडचे (चुलीवरच्या धूर ओढणाऱ्या चिमणीचे) फिल्टर किंवा ओव्हनचे छत घासताना हात वर जातो आणि द्राव मनगटावरून आत ओघळतो. उघड्या हातावरचा थेंब निदान दिसतो, धुतला जातो. आतला तिथेच कोंडून राहतो. ॲसिड लागले तर बहुधा लगेच आग होते. कॉस्टिकचे तसे नाही. आधी नुसते बुळबुळीत लागते (कातडीवरच्या तेलाचाच तो साबण झालेला असतो), आणि झोंबायला लागेपर्यंत द्राव खोल गेलेला असतो. म्हणून बुळबुळीत लागताच काम थांबवा. ‘एवढा ट्रे उरकतो’ म्हणणाऱ्याचाच हात जास्त भाजतो.

अन्न हाताळायचे पातळ ग्लोव्हज इथे कुचकामी. कोपरापर्यंतचे जाड नायट्राइलचे (एक प्रकारचे कृत्रिम रबर) घ्या आणि वरची कड दोन इंच बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ घडीत अडतो. घालण्याआधी हवा भरून पाण्यात दाबा; बुडबुडे आले तर फेकून द्या. डोक्यापेक्षा उंच भागावर फवारू नका, स्क्रबरवर घेऊन लावा. गॉगल हवाच. पातळ करताना आधी बादलीत गार पाणी, मग त्यात द्राव. उलट केले तर उष्णता होऊन तोंडावर उडतो.

लागलेच तर ग्लोव्हज, अंगठी, घड्याळ, ओला कपडा काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटे धरा. लिंबू, व्हिनेगर, मलम काही नको. त्यात धुण्याचा वेळ जातो. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा, मग कॅनचे लेबल घेऊन थेट डॉक्टरांकडे.

लांब ग्लोव्हज आमच्याकडे कॅनसोबत मागवता येतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मात्र आम्ही माल भरून देत नाही, कितीही जुने गिऱ्हाईक असो. लेबल लावलेली स्प्रे बाटली मागा, ती देऊ.