राजाच्या खजिन्याची किल्ली

मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, म्हटलं की १५ जून १२१५ हा दिवस सांगितला जातो. थेम्सकाठचं रनिमीडचं कुरण, जॉन राजा, समोर बंडखोर सरदार आणि सनदेला लावलेली मेणाची मोहोर. (राजाने सही केली नव्हती, तेव्हा मोहोरच चाले.) पण दहा आठवड्यांत, २४ ऑगस्टला, पोप तिसरा इनोसन्ट याने ती रद्द ठरवली आणि यादवी पेटली. राजाला लगाम बसला तो पुढच्या ऐंशी-एक वर्षांत, आणि तो बसवला पैशाच्या गरजेने.

१२०४ मध्ये जॉनच्या ताब्यातली फ्रान्समधली नॉर्मंडी हातची गेली. ती परत मिळवायला जॉनने सरदारांना अक्षरशः पिळून काढलं. जहागिरीवर वारसा लागताना राजाला नजराणा द्यायची रीत जुनीच, पण रक्कम राजाच्या मर्जीवर. १२०५ मध्ये निकोलस द स्टटव्हिल या सरदारावर १०,००० मार्कांचा बोजा पडला. सनदेच्या दुसऱ्या कलमाने बॅरनचा (बड्या सरदाराचा) नजराणा १०० पौंडांवर, म्हणजे १५० मार्कांवर आणला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बंड का झालं ते समजतं. १२१४ मध्ये बुव्हिनच्या लढाईत जॉनचे दोस्त हरले, सगळा पैसा पाण्यात गेला.

बेकायदा अटकेपासून संरक्षण देणारं ३९वं कलम आज सगळ्यांच्या तोंडी असतं. ते ‘मुक्त’ माणसापुरतं होतं, जमिनीला बांधलेल्या कुळांसाठी नव्हतं, हे सांगायलाच हवं.

१२१६ मध्ये जॉन वारला. गादीवर नऊ वर्षांचा तिसरा हेन्री आला. कारभारी विल्यम मार्शलने बंडखोरांना वळवण्यासाठी सनद पुन्हा काढली. मूळ सनदेतलं, करासाठी संमती घेण्याचं कलम मात्र गाळलं. तरी १२२५ मध्ये फ्रान्समधल्या युद्धासाठी पैसा हवा झाला, तेव्हा हेन्रीला जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा मिळाला तो सनद नव्याने देऊनच. माझ्या मते खरं वळण हेच: कलम गेलं, व्यवहार उरला.

पुढे हेन्रीविरुद्ध बंड करणाऱ्या सिमॉन द माँफर्ट या सरदाराने १२६५ च्या पार्लमेंटात सरदारांबरोबर परगण्यांचे नाइट आणि शहरांचे प्रतिनिधी बोलावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इव्हशॅमच्या लढाईत तो मारला गेला, पण त्याला हरवणारा हेन्रीचा मुलगा एडवर्ड राजा झाल्यावर तेच करू लागला. १२९७ मध्ये फ्लँडर्सच्या मोहिमेचा खर्च पेलेना, तेव्हा असे कर राज्याच्या सर्वसंमतीशिवाय घेणार नाही, हे त्याला मोहिमेवर असतानाच, गेंटमध्ये, मान्य करावं लागलं.